पोले मॅडमची राखण

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट आहे. त्यात सर्व्हर असतो. पोले मॅडम सकाळी आल्या की पर्स खांद्यावरून उतरवण्याआधी त्या कपाटावर तळहात ठेवायच्या. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघतात तसा. मग कान जवळ नेऊन आतल्या पंख्याचा आवाज ऐकायच्या. "हाय," म्हणजे चालू आहे, असं स्वतःशीच म्हणायच्या आणि त्यानंतर पर्स टेबलावर यायची.

टेबलामागे त्यांची खुर्चीही होती, पण तिच्यावर आमच्या बॅगा असायच्या. मॅडमना बसलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. शिकवताना त्या बाकांच्या मधून फिरायच्या, डबा खिडकीपाशी उभ्याने खायच्या. स्टाफ मीटिंगमध्येसुद्धा दाराला टेकून उभ्या असतात असं शिपाई सांगायचा. त्यांच्याकडे पाहून आपणही कुठेतरी निघायला उशीर करतोय असं वाटत राहायचं.

परीक्षेच्या उत्तरांशिवाय मी आजवर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे यात मागचंपुढचं होईल. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिरड शहापूरहून एसटीने वसमतला यायचं, तास करायचे, परत जायचं. पहिलं वर्ष मी जवळजवळ न बोलताच काढलं. पोले मॅडमना नेमकं तेच चालत नसे.

हजेरीला हात वर केलेला त्या धरत नसत. "आवाज द्या," म्हणायच्या. माझा आवाज माझ्या बाकापुरताच. मॅडम पेन हवेत धरून थांबायच्या.

"शीतल आली का न्हाई आज?"

"आले मॅडम."

"कुठं आली? मला तर ऐकू न्हाई आली."

मागून गजानन म्हणायचा, "मॅडम, ती सायलेंटवर हाय."

"मग तू काहून व्हायब्रेट होऊन राहिला? बस खाली."

सगळे हसायचे, पण मॅडम तशाच थांबलेल्या असायच्या. मी पुन्हा, थोडं मोठ्याने, "आले" म्हटल्यावरच त्यांचं पेन टेकायचं. "गप हाय म्हंजे बरं हाय, असं नसतं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पोरांनाही म्हणायच्या, मशीनलाही.

हे वाक्य कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्या नरसीजवळच्या एका गावच्या. घरी मेंढरं. सुगी झाली की शेतकरी मेंढरांना आपल्या रानात बसवतात, लेंड्यांचं खत मिळावं म्हणून. त्यामुळे लहानपणी मॅडमचं बिऱ्हाड आज या रानात तर चार दिवसांनी पलीकडच्या. अंधार पडला की मेंढरांभोवती जाळी लावायची आणि त्यांचे वडील, त्यांना त्या दादा म्हणायच्या, जाळीबाहेर घोंगडं टाकून पडायचे. दादा मेंढरांकडे बघत नसत. नुसत्या घंट्या ऐकत असत. घंट्या वाजत असल्या की डोळा लागायचा. घंट्या थांबल्या की ते उठून बसायचे.

"लोकं आवाजानं जागे व्हतेत," मॅडम म्हणाल्या. "आमचे दादा आवाज थांबला की जागे व्हायचे. माझं बी तसंच झालंय, काय करता."

आता सर्व्हरबद्दल सांगते, कारण मॅडमची खरी ओळख मला त्यातूनच झाली.

आमच्या संस्थेच्या परीक्षा ऑनलाइन होतात आणि त्या लॅबमधल्या सर्व्हरवर चालतात. लागोपाठ दोन परीक्षांत तो मध्येच बंद पडला. पोरांचे पेपर अर्धवट राहिले, पुन्हा घ्यावे लागले. संस्थेने कळवलं की आणखी एक परीक्षा बघू; पुन्हा असं झालं तर केंद्र नांदेडला हलवू. नांदेड काही लांब नाही, हे मलाही कळतं. पण पेपर सकाळी लवकर असतो, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन राहावं लागणार. मी घरी सांगितलं तर वडील चपलेचा अंगठा शिवत होते. वर न बघता म्हणाले, "बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे "नाही". माझ्यासोबत एसटीने येणाऱ्या बाकीच्या मुलींच्या घरीही बहुतेक हेच उत्तर होतं. केंद्र गेलं असतं तर आम्हा मुलींचं शिक्षण तिथेच थांबलं असतं. मॅडमना हे आम्ही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना माहीत होतं.

"सर्व्हर पडतो ही तकलीफ न्हाई," त्या म्हणाल्या. "मशीन हाय, पडंल. तो पडल्याचं पोरं सांगतेत तवा आपल्याला कळतं, ही तकलीफ हाय. आपण राखण बसवू."

फळ्यावर त्यांनी एक मेंढरू काढलं. ते बरंचसं उशीसारखं दिसत होतं. त्याच्या गळ्यात घंटी काढली आणि लिहिलं, नोड एक्स्पोर्टर. हा प्रोग्रॅम सर्व्हरवर बसून सांगत राहतो की मी किती तापलोय, किती भरलोय, किती दमलोय. मग घोंगडं घेतलेला माणूस काढला आणि लिहिलं, प्रोमिथियस. हा थोड्या थोड्या वेळाने फेरी मारतो, घंटी ऐकतो आणि काय ऐकलं ते साठवून ठेवतो. तिसरी एक चौकट काढली, ग्राफाना. राखणाऱ्याने जे ऐकलं ते ही चौकट आलेख काढून दाखवते, ठीक असलं की हिरवं, बिघडलं की लाल. शेवटी कुत्रं काढलं. त्याच्यापुढे नुसतं "अलर्ट" लिहिलं.

"मेंढरू कोण मॅडम?" गजाननने विचारलं.

"सर्व्हर. आन् त्याच्या भरवशावर पेपरला बसणारे तुमी."

लिनक्सवर हे बसवताना मॅडमनी आम्हाला एकही कमांड कॉपी करू दिली नाही. हाताने टाइप करायची. चुकली की वाचायची, मोठ्याने. सेटिंगच्या फाइलमध्ये एक मोकळी जागा जास्त पडली म्हणून आमची एक अख्खी दुपार गेली. कॉलेजचं इंटरनेट अडकलं की मॅडम आपला मोबाइल खिडकीच्या गजाला बांधायच्या आणि डाउनलोड होईपर्यंत लॅबमध्ये येरझाऱ्या घालायच्या. एकदा सगळं सुरू झालं आणि घरी निघताना गजाननने पडद्यावरची, कमांड टाइप करायची ती काळी खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी सगळं मेलेलं.

"म्या तर लाइट वाचावी म्हनून बंद केलं," तो म्हणाला.

"बरं केलं," मॅडम म्हणाल्या. "आपण घरी गेलो की जो घरी जातो तो राखणदार कसला?" मग त्यांनी प्रोमिथियसला सर्व्हिस म्हणून नेमायला शिकवलं. तसं नेमलं की खिडकी बंद केली तरी तो चालतो आणि मशीन बंद पडून सुरू झाली तर आपोआप उठतो.

पडद्यावर पहिला आलेख आला तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडम मात्र कपाटापाशी गेल्या, तळहात ठेवला आणि तिथूनच पडद्यावरची तापमानाची रेघ पाहिली. "ही म्हणती गरम. हात बी म्हणतो गरम. बराबर."

मग आली सराव परीक्षा. प्राचार्यांच्या ऑफिसात टीव्ही होता. मॅडमनी त्यावर ग्राफानाचं पान लावून दिलं होतं आणि त्या तिथेच उभ्या होत्या. ऑफिसात त्या वेगळं, पुस्तकी बोलायच्या: "सर, ही मेमरी, हे तापमान. हिरवं म्हणजे सर्व ठीक." आम्ही लॅबमध्ये सराव पेपर देत होतो. अर्ध्यात माझ्या पडद्यावर गोल फिरायला लागलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. शेजारणीकडे पाहिलं, तिचंही फिरत होतं. पण परीक्षेत बोलायचं नाही हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं की सगळा वर्ग गोल फिरणाऱ्या पडद्यांसमोर हाताची घडी घालून शांत बसला होता. पर्यवेक्षकांनाही वाटलं, पोरं विचार करतायत.

शेवटी गजानन उठला. त्याने मलाही खुणेने उठवलं, मुलगी बरोबर असली की कमी ओरडतात म्हणून. ऑफिसच्या दारात मी पुढे होते. सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. गजाननने माझ्यामागून सांगितलं, "मॅडम, पेज नुसतं फिरून राहिलंय. सगळ्यांचंच."

प्राचार्यांनी टीव्हीकडे पाहिलं. पडदा हिरवागार होता. "पोले मॅडम," ते म्हणाले, "मग हे हिरवं कोण आहे?"

मॅडम टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. कोपऱ्यात संपर्क तुटल्याचा तिळाएवढा लाल त्रिकोण आला होता, तो कुणाला दिसला नव्हता. रेघा जागच्या जागी थांबलेल्या होत्या. सर्व्हर अडकला होता आणि राखण करणारे सगळे प्रोग्रॅम आम्ही त्याच सर्व्हरवर बसवले होते. तो पडला तेव्हा राखणदारही त्याच्याबरोबर पडला. भुंकायला कुणी उरलंच नाही आणि टीव्हीवर शेवटचं चांगलं चित्र तेवढं राहिलं.

मॅडम ऑफिसातली भाषा विसरल्या. "कुत्रं बी मेंढरासंगं जाळीच्या आत कोंडलं म्या," त्या हळू म्हणाल्या. "दादाचं कुत्रं जलमभर जाळीभाईर झोपलं. माझ्या कसं ध्यानात न्हाई आलं."

 त्या आठवड्यात मॅडमच्या लॅबमधल्या फेऱ्या वाढल्या. अडकण्याआधीच्या रेघा सर्व्हरमध्ये साठलेल्या होत्या. त्या पाहिल्या तर तापमान चढत चढत गेलेलं दिसलं. कपाट उघडून पंखा काढला तर त्याच्या पात्यांवर पिवळा थर. हळदीचा हंगाम होता, जिथे हळदीचा बाजार भरतो तो मोंढा जवळ, आणि लॅबची खिडकी त्याच बाजूला. मॅडमनी बोटाने तो थर पुसला, वास घेतला आणि आम्हाला दाखवला. "सर्व्हरला हळद लागली," गजानन म्हणाला. मॅडम त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. पंखा साफ करून बसवला, पण तो जुनाच होता. नवा मागवला होता, तो आला नव्हता.

शनिवार-रविवार मॅडम गावी जाऊन आल्या. सोमवारी एक बाद झालेला कॉम्प्युटर उचलून आम्हाला म्हणाल्या, "चला, कुत्रं भाईर बांधू."

कॉलेजच्या फाटकाला लागून हमीद चाचांचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांची लाइट वेगळ्या डीपीवरून, म्हणजे दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून येते. कॉलेजची गेली तरी त्यांची असते. मॅडमनी कंपाउंडच्या भिंतीवरून वायर नेऊन तो कॉम्प्युटर चाचांच्या झेरॉक्स मशीनशेजारी ठेवला आणि राखणीचे सगळे प्रोग्रॅम त्यावर हलवले. कपाटातल्या सर्व्हरवर फक्त घंटी ठेवली. ती घंटी ऐकूच आली नाही तरी भुंकायचं, असा नवा नियमही लिहिला.

"मॅडम, कुत्ता पालने कू मेरीच दुकान मिली क्या?" चाचा म्हणाले.

"त्याला खायला कायी लागत न्हाई चाचा."

"खाता नै, भौंकता तो है ना?"

ते अक्षरशः भुंकत होतं. मॅडमनी गावाहून दादांच्या काळ्या नावाच्या कुत्र्याचं भुंकणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं होतं. अलर्ट आला की दुकानातल्या स्पीकरवर आणि आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या मोबाइलवर काळ्या भुंकायचा. सुरुवातीला तो कशालाही भुंकायचा. झेरॉक्सला आलेल्या बायका दचकायच्या, रस्त्यावरची कुत्री उत्तर द्यायची. मॅडमनी सेटिंग बदललं: त्रास थोडा वेळ टिकला तरच भुंकायचं. "पाला हालला तरी कुत्रं भुंकायला लागलं की धनी उठत न्हाई," त्या म्हणाल्या.

खऱ्या परीक्षेच्या दिवशी संस्थेचे एक निरीक्षक आले आणि प्राचार्यांच्या ऑफिसात बसले. मी माझ्या जागेवर होते. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता. सगळीकडे माऊसची टकटक. आणि मला फाटकाच्या बाजूने बारीक, लांबून, काळ्याचं भुंकणं ऐकू आलं.

माझे हात थांबले. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं; कुत्री भुंकतच असतात. माझं पान चालू होतं, पण आता ते कधीही फिरायला लागेल असं वाटून मला पुढचा प्रश्न वाचताच येईना. तेवढ्यात लॅबचं मागचं दार उघडलं. मॅडम आत आल्या. धाप लागलेली, पण पाऊल अगदी हळू. मागे चाचा, हातात त्यांच्या दुकानातला टेबलफॅन. पर्यवेक्षक उठले, तर मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. कपाट उघडलं. पंखा बंद पडला होता. चाचांनी टेबलफॅन स्टुलावर ठेवून उघड्या कपाटाकडे वळवला, चालू केला आणि चपला हातात घेऊन निघून गेले.

मॅडम गेल्या नाहीत. कपाटाच्या पत्र्यावर तळहात ठेवून त्या तिथेच उभ्या राहिल्या. पेपर संपेपर्यंत. एरवी एका जागी क्षणभर न थांबणारी बाई. मी दर प्रश्नानंतर मान वळवून बघत होते. पहिल्यांदा त्यांचा चेहरा ताणलेला होता. नंतर कधीतरी त्यांनी हात उचलला, पुन्हा ठेवला आणि ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण काय म्हणाल्या ते मला माहीत होतं. हाय.

सगळ्यांचे पेपर पूर्ण झाले. निरीक्षक निघताना लॅबमध्ये डोकावले. "आज काहीच झालं नाही ना?"

"नाही सर," मॅडम म्हणाल्या. "काहीच नाही."

गजानन सांगायला पुढे सरकला, तर मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चप्पल शोधायला लागला. पण प्राचार्यांनी टीव्हीवर तापमानाची रेघ चढताना आणि मग उतरताना पाहिली होती. त्यांनीच निरीक्षकांना सगळं समजावून सांगितलं. केंद्र वसमतलाच राहिलं. मी घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मंग ठीक हाय." आमच्या घरात हे फार मोठं वाक्य आहे.

महिनाभरात आणखी एक पत्र आलं. संस्थेच्या लातूरच्या कॉलेजातला सर्व्हर आमच्यापेक्षाही जास्त पडतो. पोले मॅडमनी तिकडे रुजू व्हावं.

आम्हाला ते खरं वाटेना. मॅडम म्हणाल्या, "मेंढरं एका रानात किती दिवस बसवता?" पण त्या दिवशी त्यांनी कपाटाला दोनदा हात लावला. शेवटच्या तासाला विचारलं, "मी गेल्यावर काळ्या भुंकला तर कोण उठंल?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला "मी" म्हणायचं होतं. शब्द तयारही होते. पण सगळ्यांसमोर ते घशातून वर आलेच नाहीत. मॅडम थोडा वेळ थांबल्या, हजेरीला थांबायच्या तशा, आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळल्या.

त्यांना सोडायला मी एकटीच स्टँडवर गेले. गजाननचा त्या दिवशी बाहेरगावी भरतीचा पेपर होता. लातूरची गाडी लागली. मॅडमनी खिडकीजवळच्या जागेवर पिशवी ठेवली आणि खाली उतरल्या. पाण्याची बाटली घेतली, पुन्हा चढल्या. पुन्हा उतरल्या. "नवा पंखा नीट वाजून राहिला ना?" हे मला दोनदा विचारलं. कंडक्टर वैतागला. "ताई, तुमचं एकदा काय ते ठरवा. बसता का राहता?"

त्या चढल्या. जागेपाशी उभ्या राहून खिडकीतून माझ्याकडे वाकल्या. काहीतरी बोलणार होत्या. इतक्यात त्यांच्या पर्समधून काळ्या भुंकला. पाठोपाठ माझ्या हातातूनही.

आजूबाजूचे प्रवासी कुत्रं कुठे आहे ते बघायला लागले. मी मेसेज उघडला. सर्व्हरची घंटी ऐकू येत नव्हती. सुट्टीचा दिवस होता, परीक्षा नव्हती. वायर सैल झाली असेल, नाहीतर लाइट गेली असेल. मॅडमनी पिशवी उचलली होती. त्या दाराकडे निघाल्या होत्या.

"मी बघते मॅडम," मी म्हणाले.

त्या थांबल्या. "काय?"

इंजिन सुरू झालं होतं. कंडक्टरचा हात दोरीवर होता.

"मी बघते," मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की रसवंतीवाल्याने मान वर केली. "तुमी बसा."

 कंडक्टरने डबल बेल दिली. मी पर्स काखेत मारली आणि कॉलेजच्या दिशेने पळत सुटले. स्टँडच्या कोपऱ्यावर एकदा मागे वळून पाहिलं. गाडी फाटकातून रस्त्याला लागत होती. खिडकीत पोले मॅडम बसलेल्या होत्या, पिशवी मांडीवर घेऊन.